उतरवल्याची वेळ

सत्राचा शेवटचा आठवडा आला की माझ्या तोंडी लागायचं नाही, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. शिकवणं मला आवडतं. शिकवून झाल्यावर जे सुरू होतं त्याने माझं डोकं फिरतं. सुऱ्या मोजा, फ्रीझर रिकामे करा, ओव्हन आतून खरवडून घ्या, चौदा जणांचे गुण तीन वेगवेगळ्या तक्त्यांत भरा आणि ते तिन्ही तक्ते अशा माणसांना पाठवा जी ते उघडूनही बघत नाहीत. त्यात वर्षभर वर्गात डुलक्या काढणाऱ्यांना नेमकं याच आठवड्यात आठवतं की आपल्याला पास व्हायचंय. एका पठ्ठ्याची आजी या वर्षात तिसऱ्यांदा वारली. मी त्याला म्हटलं, बाबा रे, एकदा मोजून ये, घरी अजून किती शिल्लक आहेत.

मी परदेशात, एका केटरिंग कॉलेजात स्वयंपाक शिकवते. दोन वर्षं झाली. घरी नवरा आणि दहावीतली लेक. निघताना नणंद म्हणाली होती, "सातासमुद्रापार चाललीस, पण चूल काही सुटली नाही तुझी." तिला वाटलं विनोद झाला. तिकडच्या हॉटेलात वीस वर्षं राबूनही मला कोणी मुख्य शेफ केलं नव्हतं आणि इथे आल्या आल्या अख्खा वर्ग हातात दिला, म्हणून मी आले. लेकीच्या दहावीला आई घरी नाही, यावर नातेवाइकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. मीही त्यांना काय ऐकवायचं ते ऐकवून घेतलं.

माझ्या किचनचा कायदा एकच. प्रत्येक भांड्यावर लेबल हवं, आणि लेबलाशी वाद नाही. आचेवरून उतरवलेली वस्तू दोन तासांच्या आत बर्फाच्या पाण्यात गार करून कोल्ड रूममध्ये गेली पाहिजे. उशीर झाला तर तिच्यात जे वाढतं ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं पोट धरून बसतात. म्हणून पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहायचं: कोणाचं, काय, किती वाजता उतरवलं, किती वाजता आत ठेवलं. परीक्षेत उतरवल्याची वेळ परीक्षक लिहितो आणि सही करतो. आत ठेवल्याची वेळ विद्यार्थी लिहितो. दोन तासांच्या वर एक मिनिट गेलं तरी भांडं सिंकमध्ये रिकामं. वास घेऊन बघू, पुन्हा एकदा उकळून घेऊ, असली थेरं माझ्याकडे चालत नाहीत. पहिल्याच तासाला मी सांगते, "तुम्ही खोटं बोलाल, मी विसरेन. लेबल दोन्ही करत नाही."

हे वाक्य वहीत लिहून घेणारा आमच्या वर्गात एकच माणूस होता. त्यांना सगळे ड्रायव्हर म्हणायचे. वय बावन्न, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, त्यामुळे मी अहो-जाहो करायचे. सव्वीस वर्षं शहरातली बस चालवली, मग कंपनीने डोळ्यांचं निमित्त काढून घरी बसवलं. हात अतिशय संथ. बाकीच्यांचा कांदा परतून व्हायचा तेव्हा ड्रायव्हरांचा चिरून व्हायचा. एकदा मी म्हटलंही, "प्रत्येक कापाला सिग्नल लागतो का तुम्हाला?" वर्ग हसला, तेही हसले. पण वर्षभरात त्यांचं बोट एकदाही कापलं नाही, काही सांडलं नाही, आणि त्यांची सुरी कधी दुसऱ्याच्या ओट्यावर सापडली नाही. एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्यांची नोकरी ठरली होती. सोमवारी सकाळी सात वाजता सर्टिफिकेट घेऊन हजर व्हायचं. बायकोने पांढरे बूटसुद्धा आणून ठेवले होते. ही बुटांची गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली होती.

आता घड्याळाचं. माझ्या किचनमध्ये हातात काही घालायचं नाही. अंगठी नाही, दोरा नाही, घड्याळ नाही. इथल्या वेळेसाठी भिंतीवर मोठं घड्याळ आहे. माझं स्वतःचं घड्याळ पट्टा काढून ॲप्रनच्या खिशात असतं आणि ते घरच्या वेळेवर चालतं. विमानतळावर लेकीने बजावलं होतं, "हे पुढे करायचं नाही हं. मी शाळेत आहे की घरी, जेवले की नाही, हे तुला नुसतं बघून कळलं पाहिजे." इथली वेळ घरच्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. दोन वर्षांत मी ते घड्याळ एकदाही हलवलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा बुधवारी होती आणि लेकीचा पहिला पेपरही बुधवारीच. तिचा पेपर अकराला. पावणेअकराला शाळेच्या गेटवर मी तिला फोन करायचा, मग ती मोबाईल बाबांकडे देऊन आत जाणार, असं महिनाभर आधी ठरलं होतं. पावणेअकरा म्हणजे इथले सव्वा. मी सगळं बसवून ठेवलं होतं. एक वाजेपर्यंत चौदाच्या चौदा भांडी उतरलेली असतील, दुसरे परीक्षक म्हणून बेकरी शिकवणारे सर होतेच, ते पाच मिनिटं उभे राहतील, मी लॉकरपाशी जाऊन बोलून येईन.

पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. पुढच्या आठवड्यात विश्वस्त येणार म्हणून प्राचार्यांना बुधवारीच किचनची भिंत रंगवून घ्यायची लहर आली. मी सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन भांडले.

"आत परीक्षा चालू असताना रंग?"

"एकच भिंत आहे, मॅडम," ते मऊ आवाजात म्हणाले. "त्रास होणार नाही."

प्राचार्य सगळंच मऊ आवाजात म्हणतात. अशा माणसांशी भांडण एकट्यानेच करावं लागतं, आणि बाहेर उभे असलेल्यांना वाटतं बाईच भांडकुदळ आहे.

परीक्षेला होता स्टॉक. हाडं, कांदा, गाजर मंद आचेवर तासन्‌तास ठेवून गाळलेलं पाणी. दिसायला काहीच नाही, पण पुढचं प्रत्येक सूप आणि सॉस त्याच्यावर उभं राहतं. स्टॉकमध्ये शून्य मिळालं तर अख्ख्या प्रात्यक्षिकात नापास, असा नियम आहे. साडेबारापर्यंत तेरा भांडी उतरली. प्रत्येकाच्या लेबलवर मी भिंतीकडे बघून वेळ लिहिली. राहिले ड्रायव्हर. त्यांनी हाडं दोनदा धुतली होती, फेस चमचा चमचा करून काढला होता, आच कुठे वाढू दिली नव्हती. सगळं मी शिकवलं होतं तसंच, आणि तेच बघून माझा जीव वर-खाली होत होता.

एक वाजून गेल्यावर रंगारी शिडीवर चढला आणि भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर ठेवून आला. बेकरीचे सर "दोन मिनिटांत आलो" म्हणून गेले होते ते गेलेच. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, उतरवलं."

मी चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन गेले. सवयीने भिंतीकडे बघितलं, तिथे नुसता ओला रंग. खिशात हात घातला. पावणेअकरा. म्हणजे लेक आत्ता, या मिनिटाला, गेटवर उभी आहे. माझा मोबाईल लॉकरमध्ये, कारण परीक्षेत परीक्षकानेही मोबाईल आत आणायचा नाही, आणि हा नियमही मीच केलेला. वर्ग सोडून जाता येत नव्हतं. मी लेबल लिहिलं, सही केली, भांड्यावर दाबून चिकटवलं आणि वळून शिडीवरच्या माणसावर ओरडले. तो म्हणाला, "मला सांगितलं ते मी करतोय, बाई." इथे प्रत्येकाला कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं.

बेकरीचे सर एक पस्तीसला कॉफीचा कप घेऊन उगवले. मी त्यांच्याशी एक शब्दही न बोलता लॉकरकडे पळाले. नवऱ्याने फोन उचलला.

"गेली आत," तो म्हणाला. "घंटा होईपर्यंत मोबाईल धरून उभी होती. मग माझ्या हातात दिला."

"काही म्हणाली?"

"काही नाही."

"रागावली असेल."

"तुझीच मुलगी आहे," तो म्हणाला.

साडेतीनला मी लेबलं तपासायला कोल्ड रूममध्ये गेले तेव्हा माझ्या मनाची काय अवस्था होती हे सांगायला नको. प्राचार्यांवर राग, बेकरीच्या सरांवर राग, रंगाऱ्यावर राग, आणि सगळ्यांच्या तळाशी स्वतःवर. तेरा भांडी ठीक होती. चौदाव्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ड्रायव्हर, स्टॉक, उतरवलं १०.४५. त्याखाली त्यांच्या गोल अक्षरात: आत २.५०. ती वेळ त्यांनी कोल्ड रूमच्या दारावरच्या डिजिटल घड्याळावरून घेतली होती. मधे चार तास पाच मिनिटं.

क्षणभर मनात आलं, ड्रायव्हर, आणि सगळ्यांच्या आधी उतरवलं? पण डोक्यात राग असला की शंकेला कोणी बसायला पाट देत नाही. मला वाटलं, वेळेत होणार नाही म्हणून घाईने उतरवलं असेल आणि मग कुठेतरी ठेवून विसरले असतील. मी भांडं बाहेर आणून ओट्यावर आपटलं.

"ड्रायव्हर, इकडे या. काय लिहिलंय, वाचा."

त्यांनी चष्मा पुसला, वाकून वाचलं, पुन्हा वाचलं.

"मॅडम, वरची ओळ मी वाचलीच नव्हती. हे पावणेअकरा कसं..."

"अक्षर कोणाचं आहे?"

"तुमचं."

"सही?"

"तुमची. पण मॅडम, मी तर जेवणाच्या वेळेला..."

"ड्रायव्हर," मी म्हटलं, "लेबलाशी?"

सगळा वर्ग हातातली कामं थांबवून बघत होता. ड्रायव्हरांनी माझ्याकडे बघितलं, मग भांड्याकडे.

"वाद नाही," ते म्हणाले.

मी भांडं उचललं आणि सगळ्यांसमोर सिंकमध्ये ओतलं. भांड्याचा तळ दिसावा इतका नितळ, सोनेरी स्टॉक होता. त्या वर्गात तसा दुसऱ्या कोणाचा नव्हता आणि ओततानाही ते मला दिसत होतं. मी तो चाखलासुद्धा नाही. लेबल सोलून पुरावा म्हणून त्यांच्या गुणपत्रिकेला चिकटवलं आणि तिथे शून्य लिहिलं.

गुरुवारी निकाल फलकावर लागला. तेरा पास, एक नापास. पास झालेले तेराही जण उड्या मारत घरी गेले आणि त्यांच्या वाटणीचे ओव्हन तसेच पडून राहिले. ड्रायव्हर मात्र आले. आपला ओव्हन घासला, मग शेजारचा घासायला घेतला. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, दवाखान्याला काय सांगू?"

"खरं ते सांगा."

ते तिथेच उभे राहिले. "सव्वीस वर्षं बस चालवली मी. स्टॉपवर दोन मिनिटं उशीर झाला की वरून फोन यायचा. मला वेळ कळते, मॅडम."

"बसची वेळ वेगळी, किचनची वेगळी," मी म्हटलं आणि पुन्हा तक्त्यात डोकं घातलं. ते गेलेले मला कळलं नाही.

लेक दोन दिवस फोनवर आली नाही. तिच्या बाबांकरवी निरोप, पेपर बरा गेला. शुक्रवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे तिच्या सातला, तिचा स्वतःचा फोन आला. मी लॉकरपाशी उभी होते. तिने आवाज चढवला नाही.

"मला फक्त एक सांग," ती म्हणाली. "पावणेअकराला तू काय करत होतीस?"

"अगं, परीक्षा चालू होती माझी इथे..."

"ते माहितीये मला. दिवसभर काय चालू होतं ते नाही विचारत. मी गेटवर होते तेव्हा, बरोबर पावणेअकराला, तुझ्या हातात काय होतं एवढं?"

"मार्कर होता," मी चिडून म्हटलं. "लेबल लिहीत होते. ड्रायव्हरांच्या भांड्याचं लेबल लिहीत होते मी पावणेअकराला, कळलं?"

आणि ते पावणेअकरा माझं मलाच ऐकू आलं.

"आई?"

"थांब," मी म्हटलं. खिशातून घड्याळ काढलं. सात वाजून चार मिनिटं. कॉरिडॉरच्या भिंतीवर साडेनऊ वाजून गेले होते. ते पांढरं लेबल, माझं ठसठशीत अक्षर, १०.४५, सगळं डोळ्यांपुढे आलं. इथले सव्वा वाजलेले. सव्वा ते दोन पन्नास. एक तास पस्तीस मिनिटं. नियमात पंचवीस मिनिटं राखून.

"आई, तू रडतीयेस का?"

"नाही. माझ्याकडून एका माणसाचं फार वाईट झालंय. मी संध्याकाळी सगळं सांगते तुला. आणि बुधवारचं, चुकलं माझं."

"हं," ती म्हणाली. माफ केलं असं काही त्यात नव्हतं, पण फोन तिने लगेच ठेवलाही नाही.

मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. आत कोणी बसलंय का हेही बघितलं नाही. गुण बदलायचे असतील तर दुपारी बारापर्यंत लेखी द्यायची मुदत होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय मी," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. घड्याळ टेबलावर ठेवून दाखवलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "बसू दे ना त्यांना पुढच्या सत्राला. शांत माणूस आहे. तक्रार नाही करणार."

"तक्रार करणार नाहीत म्हणूनच मी आलेय."

"चूक लेखी द्यावी लागेल, मॅडम. ती फाइलला लागते. तुमच्या नव्या कराराचा कागद इथेच पडलाय, याच आठवड्यात सही करायची होती." त्यांनी बोटाने तो कागद थोडा पुढे सरकवला आणि पुन्हा मागे घेतला. "भिंतीचं वगैरे लिहू नका त्यात. विश्वस्त वाचतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भिंतीवर घड्याळ नव्हतं हे लिहिणारच. पण चुकीचं घड्याळ माझ्या खिशात होतं, हे आधी लिहीन."

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. ते वाचताना प्राचार्यांचा चेहरा मिरची चावल्यासारखा झाला, आवाज मात्र तसाच. स्टॉक सिंकमध्ये गेला होता, चाखल्याशिवाय गुण देता येत नव्हते. शनिवारी कॉलेज बंद, पण किल्ली मी घ्यावी, परीक्षा पुन्हा घ्यावी, गुण तिथल्या तिथे भरले तर ते शनिवारीच सर्टिफिकेटवर सही करतील, असं ठरलं. कराराचं काय, असं मी विचारलं नाही. "बघू," ते न विचारताच म्हणाले.

मग मी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुख्य स्वयंपाक्याने स्वच्छ सांगितलं, "ते नापास झाले म्हणून त्यांनीच कळवलंय. दुसरा माणूस तयार आहे माझ्याकडे. सोमवारी सातला तुमच्या माणसाच्या हातात सर्टिफिकेट असेल तर त्याला घेईन. सात म्हणजे सात."

ड्रायव्हर किचनमध्ये होते. तिसरा ओव्हन खरवडत होते, तोही दुसऱ्या कोणाचा. मी बोलले. घड्याळ, पावणेअकरा, सव्वा, गेटवरची लेक, सगळं सांगितलं. खरवडणी हातात धरून ते ऐकत राहिले.

"म्हणजे मी सांगत होतो ते खरं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेतलं नाही."

"नाही."

"काल मी दवाखान्याला फोन केला. खरं ते सांगितलं. तुम्हीच म्हणालात, खरं ते सांगा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. वर्षभरात मी तो कधी ऐकला नव्हता. "बायकोने बूट परत खोक्यात घातले, मॅडम. मला विचारलं, कुठे ठेवून विसरलात? ती बाई तीस वर्षं माझ्याबरोबर आहे, तिलासुद्धा वाटलं मी विसरलो. काल रात्री तर मलाच वाटायला लागलं. म्हटलं, डोळे गेले, आता डोकंही चाललं असेल."

मी म्हटलं, "माझी चूक आहे. मी माफी मागते."

"तोंडी नको," ते म्हणाले. "तोंडी तुम्ही आमचं चालवून घेत नाही. लेबल लावा."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्या ॲप्रनच्या खिशातून डोकावणाऱ्या मार्करकडे बोट केलं. आम्ही दोघं बाहेर फलकापाशी गेलो. त्यांच्या नावापुढे माझ्या हातचं शून्य होतं. मी चिकटपट्टी फाडली, काचेवर धरून लिहायला लागले: परीक्षकाची चूक. उतरवलं १.१५, परीक्षकाने लिहिलं १०.४५. विद्यार्थ्याची चूक नाही. शुक्रवार. सही केली.

"वेळ," ते म्हणाले.

माझा हात सवयीने खिशाकडे गेला.

"इथली," ते म्हणाले.

मी मान वर करून कॉरिडॉरच्या घड्याळात बघितलं आणि अकरा वीस लिहिले. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, शून्यावर लावली आणि अंगठ्याने चारही कोपरे दाबून बसवले. मग आत जाऊन ओव्हन पुरा केला. मी सांगितलं, दवाखाना सोमवारी सातपर्यंत थांबतोय, परीक्षा पुन्हा घेते, उद्या आठला या. त्यांनी नुसती मान हलवली.

शनिवारी मी खाटकाकडून स्वतः हाडं आणली, कारण कोठी केव्हाच रिकामी झाली होती. किचनमध्ये आम्ही दोघंच. भिंत नवी कोरी, घड्याळ जागच्या जागी. ड्रायव्हरांनी हाडं दोनदा धुतली. चमचा चमचा फेस काढला. मी स्टुलावर बसून होते आणि तोंड बंद ठेवलं होतं, जे मला कधी जमत नाही. एकदा फक्त मी विचारलं, "बूट?" ते म्हणाले, "खोक्यातच आहेत."

एक वाजून बारा मिनिटांनी त्यांनी आच बंद केली.

"मॅडम, उतरवलं."

मी भिंतीकडे बघितलं आणि लिहिलं, १.१२. त्यांनी लेबल वाचलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा लेबल वाचलं.

"मुलीचा आज दुसरा पेपर ना?" ते म्हणाले. "फोन कितीला?"

"सव्वाला."

"मग जा आधी. मी भांडं सोडून कुठे जात नाही. बुधवारी तुमच्या फोनचा राग माझ्या स्टॉकवर निघाला. आज तेवढं नको." ते हसत नव्हते.

मी लॉकरपाशी गेले. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"किती वाजले?" लेकीने विचारलं.

"माझे सव्वा. तुझे पावणेअकरा."

"बरोबर," ती म्हणाली. "झाले का ते पास?"

"अजून चाखायचाय."

"मग नीट चाख. रागात नको चाखूस." मागे घंटा वाजली. "जाते मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून थोडी कुरकुर होती, ती मी तशीच ऐकून घेतली.

परत आले तेव्हा भांडं बर्फाच्या पाण्यात होतं आणि ड्रायव्हर ते सावकाश ढवळत होते. मी स्वच्छ चमचा घेतला, फुंकर घातली, चाखलं. थांबले, दुसरा चमचा घेऊन पुन्हा चाखलं. जिभेवर कुठेही खरखर नाही, तळाशी भरभक्कम चव. बुधवारी मी काय ओतून दिलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि स्वतःची अशी चीड आली की चमचा हातात घट्ट धरून मी तशीच उभी राहिले.

गुणपत्रिकेवर लिहिलं, वीसपैकी अठरा. कागद त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी चष्मा पुसून वाचलं. "दोन कुठे गेले?"

"गोडवा कमी आहे. कांदा उशिरा टाकलात."

त्यांनी मार्कर उचलून लेबलच्या खालच्या ओळीवर ठेवला, आत ठेवल्याची वेळ लिहायला तयार.

"टाकला," ते म्हणाले. "हे मात्र खरं."